खाटांचे कोपरे

११ एप्रिल

दादा,

पत्राला कारण आहे. नसतं तर मी लिहिलं नसतं, हे तू ओळखशीलच. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या दारात येऊन उभा राहिलो तर वहिनीला चहा टाकावा लागेल आणि तुला माझ्याकडे न बघता तो प्यावा लागेल. त्यापेक्षा पत्र बरं. वाचलं नाहीस तरी मला कळणार नाही.

भिंगरीला तुझ्या शहरातल्या तंत्रशाळेत प्रवेश मिळालाय. घरांचे, सामानाचे, यंत्रांचे आराखडे काढायला शिकवतात तिथे. तुला आठवत असेल, लहानपणी ती कारखान्यात माझ्या मागे मागे असायची आणि करवतीच्या यंत्राजवळ गेली की आपण दोघं एकदमच ओरडायचो. यंत्राला हात लावायचा नाही म्हटल्यावर तिनं पेन्सिल उचलली. आता गिऱ्हाइकाला कपाट कागदावर दाखवायचं तर मी तिच्याकडून काढून घेतो. मी काढलेलं बघून लोक विचारतात, हे कपाट आहे की पिंजरा.

राहायची सोय शाळेच्या वसतिगृहात आहे. तिथल्या अधीक्षिका बाईंना भेटून आलो. मुलीला फिट येतात हे मी लपवलं नाही. बाई दचकल्या नाहीत, पण एक अट घातली. शहरात घरचं कोणीतरी हवं, हाक मारली की येणारं. आणि त्या माणसानं स्वतः येऊन त्यांना तोंडानं सांगायला हवं, की ही आमची, काही झालं तर मला बोलवा. फोनवर चालणार नाही, चिठ्ठी चालणार नाही. जूनच्या पहिल्या तारखेपर्यंत असं कोणी आलं नाही तर जागा पुढच्या मुलीला जाईल.

त्या शहरात आमचं कोण आहे ते तुला सांगायला नको.

भिंगरीची तब्येत उत्तम आहे. वर्षभरात एकही फिट नाही. गोळ्या आपणहून घेते, वेळेवर झोपते. तुला धावपळ करावी लागणार नाही. फक्त बाईंना एकदा भेट.

मी तुला लिहितोय हे भिंगरीच्या आईला, हिला, सांगितलेलं नाही.

धाकटा


२ मे

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की मी हातातलं काम टाकून दारात जातो. त्याला वाटतंय मला लॉटरी लागायची आहे.

मागच्या पत्रात एक थाप मारली. वर्षभरात एकही फिट नाही म्हणालो. तीन आल्या. एक शाळेच्या जिन्यापाशी, दोन घरी. डॉक्टरीणबाईंनी गोळीची मात्रा बदलली, तेव्हापासून शांत आहे. तू खोट्यावर विश्वास ठेवून हो म्हणायचास, मग वसतिगृहातून बोलावणं यायचं आणि तू परत माझ्यावरच उखडायचास, म्हणून खरं लिहितो. तुला जावं लागेल. किती वेळा ते कोणालाच सांगता येत नाही. पण डॉक्टरीणबाई म्हणतात तिनं जावं. औषध चुकवायचं नाही, झोप मोडायची नाही, आणि आजूबाजूच्या चार माणसांना काय करायचं ते माहीत हवं. एवढं असलं तर मुलगी कुठेही राहू शकते.

तू विचारशील, मग घरी राहून शिकायला काय झालं. आमचं घर बघितल्याशिवाय तुला ते कळायचं नाही. तू गेल्यापासून मी हात आवरलेला नाही. टेबल, पलंग, स्वयंपाकघरातली फळी, सगळ्यांचे कोपरे रंधा मारून गोल केलेत. काचेची कपाटं विकून टाकली. न्हाणीच्या दाराची कडी काढली. मग तिच्या खोलीची काढली. मग वाटलं, आमच्या खोलीची तरी कशाला, तीही काढली. आता पाहुणे आले की न्हाणीत जाताना खोकत खोकत जातात.

आणि आमचा एक नियम आहे. भिंगरी अंघोळीला गेली की तिनं आत बोलत राहायचं. काहीही. धडा म्हण, गाणं म्हण, आम्हाला शिव्या घाल. आवाज थांबला की मी दार उघडणार. लहान होती तेव्हा तिला मजा वाटायची. ती आतून कोडी घालायची आणि मी बाहेरून उत्तरं चुकवायचो. मार्चमध्ये एक दिवस ती एकदम गप्प झाली. मी हाक मारली, परत मारली, आणि दार ढकललं.

ती पडली वगैरे नव्हती. विचार करत बसली होती. पंधरा वर्षांची मुलगी आहे, दादा. तिनं टॉवेल ओढून घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दोन दिवस तिच्यासमोर जेवायला बसलो नाही. मग एका सकाळी तिनं तंत्रशाळेचं माहितीपत्रक माझ्या पुढ्यात आणून ठेवलं. म्हणाली, "बाबा, मला एकदा गप्प बसून अंघोळ करायची आहे."

बाईंना भेट. जूनची पहिली तारीख आहे.

धाकटा


१९ मे

दादा,

हिला कळलं. तुझा पत्ता घातलेलं कोरं पाकीट मी कारखान्यातल्या टेबलावर ठेवलं होतं आणि कधी नव्हे ते हिनं नेमकं ते टेबल आवरायला घेतलं. मला वाटलं आता भडका उडणार. पण ती पाकीट हातात घेऊन भुशातच बसली आणि म्हणाली, "भाऊजी येणार नाहीत. माझ्यामुळे. त्या पाचरेमुळे."

तर आता पाचरेचं बोलूच. तीन वर्षं आपण दोघं असं धरून चाललोय की भांडण तुझ्या थोरलीच्या लग्नावरून झालं. मुलाकडच्यांनी वर्तमानपत्रात हिच्या कुठल्याशा भाषणाची बातमी वाचली, भिंगरीचा फोटो बघितला, "घराण्यातच आहे वाटतं" म्हणाले आणि फिरले. तू आमच्याकडे येऊन म्हणालास, माझ्या लेकीचं लग्न होईपर्यंत तुझ्या बायकोला तोंड बंद ठेवता येत नव्हतं का. मग मी बोललो, मग तू बोललास, मग कारखान्यातलं तुझं सामान टेंपोत चढलं. पण थोरली तर तेव्हाच म्हणाली होती, सुटले एकदाची. ती दर आठवड्याला भिंगरीला फोन करते. माहीत नसेल तर आता माहीत करून घे. लग्न मोडलं म्हणून कोणी चालता धंदा सोडून दुसऱ्या शहरात जात नाही.

भिंगरी सात वर्षांची होती. कारखान्यात भुशाचे डोंगर करत बसली होती. मी एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलो होतो. तिला पहिली फिट आली तेव्हा जवळ तू एकटा होतास. तिची दातखीळ बसली. जीभ चावली जाईल म्हणून तू हाताशी होती ती लाकडी पाचर तिच्या दातांत घातलीस. सुताराच्या हाताशी दुसरं असणार तरी काय. तिचा पुढचा दात तुटला. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तोंडात काहीही घालायचं नसतं, जीभ काही गिळली जात नाही, कुशीवर वळवायचं आणि थांबायचं. तू दाराशी उभा राहून ऐकलंस आणि बाहेर निघून गेलास.

त्यानंतरच ही शाळाशाळांतून बोलायला लागली. कसं असतं ते तू बघितलंयस. मी जमिनीवर पडून हातपाय झाडतो, ही मला कुशीवर वळवते. माझं वजन बघून पोरं हसतात आणि हसली की ऐकतात. मग ही पाचरेची गोष्ट सांगायची. "मुलीच्या काकांनी" म्हणायची, नाव कधी घेतलं नाही. पण आपल्या भागात सुतारांचा कारखाना एक आणि त्यात काका एक. तू कोणाकडे तरी कपाट बसवत होतास आणि त्या घरातल्या पोरानं तुला विचारलं, "तुम्हीच का ते पाचरवाले काका?" हे मला वहिनीनं सांगितलं. तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं कोण जाणे.

ही म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "पोरांच्या ते लक्षात राहायचं म्हणून सांगत होते. सांगितलं ते खरंच होतं. पण त्यांना किती लागत असेल ते माझ्या डोक्यात आलं नाही." एवढं बोलून ती उठली आणि अख्खा कारखाना झाडून काढला. आता ती पाचरेचं सांगत नाही. तोंडात चमचा घालू नका, एवढ्यावर भागवते.

भिंगरीनं बॅग भरून ठेवली आहे. काकाचं अजून काही कळलं नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "काका येईल." कशावरून, ते मी विचारलं नाही.

धाकटा


२ जून

दादा,

बाईंचा फोन आला. तू गेलास.

त्यांनी सांगितलं ते असं. काल कार्यालय बंद व्हायच्या बेतात असताना एक गृहस्थ आले. बसा म्हटल्यावर बसायच्या आधी त्यांनी खुर्ची हलवून बघितली आणि म्हणाले, हिचा मागचा पाय सैल आहे. इथपर्यंत ऐकूनच मी हिला खूण केली की दादाच. मग तू म्हणालास, "ती माझी पुतणी. हाक मारा, येईन." बाईंनी विचारलं, फिट आली तर काय करायचं माहीत आहे का. तू म्हणालास, "काय करायचं नाही ते आधी शिकलोय."

दादा, मला फार बरं वाटलं. हे सरळ लिहून टाकतो, कारण तू समोर असतास तर मी लाकडाच्या भावावर बोलत बसलो असतो. ही रडली. मीही थोडाफार.

मला चार ओळी खरडल्या असत्यास तर बोटं झिजली नसती. पण असो. तू हो म्हणालास ते तिला, मला नाही, हे माझ्या लक्षात आलंय.

भिंगरी पंधरा तारखेला येते. सोडायला आम्ही दोघं येऊ. तुझ्या घरी येत नाही, काळजी नको.

धाकटा


२७ जून

दादा,

हे तुझ्या कानावर आलं असेलच. तरी माझी बाजू माझ्याकडून ऐक.

मी दोन दिवस आधीच पोचलो होतो. एकटा. ही आणि भिंगरी मागून यायच्या होत्या. हत्यारांची पेटी बरोबर होती, ती का होती ते विचारू नकोस. बाईंना म्हटलं, मुलीची खोली एकदा बघू का. खोलीत चार खाटा, लाकडी, आणि प्रत्येक खाटेच्या डोक्याशी दोन कोपरे असे की त्यावर नारळ फोडावा. चार टेबलं, तीही तसलीच. तुला तरी बघवलं असतं का? मी विचारलं, जरा घासून देऊ का, पैसे नकोत. बाई भल्या, हो म्हणाल्या. त्यांना वाटलं असणार, एक खाट घासेल आणि जाईल.

मी चारही खाटा केल्या आणि चारही टेबलं. तिची खाट कोणती ते कोणाला कळू नये म्हणून सगळ्या केल्या, एवढी अक्कल मी वापरली. मग शेजारच्या खोल्या घेतल्या, कारण ती मैत्रिणींकडे जाणारच. मग जेवणघरातली बाकं. मग जिन्याचा कठडा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी न्हाणीच्या कडीचे स्क्रू काढत होतो तेव्हा बाईंनी मला पकडलं. कडी परत बसवून घेतली, समोर उभं राहून.

मुली आल्या तेव्हा सगळ्या मजल्यावर भुसा आणि तासलेल्या लाकडाचा वास. जो तो विचारायला लागला. कोणाच्या तरी आईनं झाडणाऱ्या बाईंना विचारलं आणि त्यांनी माहीत होतं ते सांगितलं, त्या फिट येणाऱ्या मुलीचे वडील आले होते. भिंगरी बॅग घेऊन जिना चढत होती. ती वर पोचायच्या आधी तिची बातमी वर पोचली होती.

ती ओरडली नाही. मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "काका गप्प बसायचा, कोणाला कळू नये म्हणून. आई सांगत सुटते, सगळ्यांना कळावं म्हणून. तू लाकूड तासतोस. तुम्हा तिघांपैकी कोणी मला एकदा तरी विचारलंत का? मी सांगणार होते, बाबा. पहिल्याच आठवड्यात. खोलीतल्या तिघींना, माझ्या पद्धतीनं. काय बोलायचं ते ठरवून आले होते."

मी म्हटलं, कोपरे फार टोकदार होते गं.

ती म्हणाली, "होते." आणि आत गेली.

तेव्हापासून ती माझ्याशी फोनवर बोलत नाही. आईशी बोलते, मी शेजारी बसून ऐकतो. हिच्यासमोर मी "चुकलं माझं" असं म्हणून टाकलंय. तुला खरं सांगतो, उद्या परत तिथे उभा केलास तर ते कोपरे तसेच टाकून मला निघता येईल असं वाटत नाही.

धाकटा


१४ ऑगस्ट

दादा,

परवा तिला जेवणघरात फिट आली, असं बाईंनी कळवलं तेव्हा आम्ही निघालोच होतो. बॅग दारात होती, मी बुटाची नाडी बांधत होतो. तेवढ्यात हिला भिंगरीचा स्वतःचा फोन आला, जड जिभेनं. येऊ नका, काका आहे. नाडी तशीच हातात धरून मी बराच वेळ खाली बसून होतो.

पुढचं तिनं आईला सांगितलं आणि आईनं मला, तेव्हा मधे काही गळालं असेल. ती ताट घेऊन रांगेत उभी होती आणि पडली. तिच्या खोलीत एक मुलगी आहे, साधी पाल दिसली तरी पलंगावर चढते, म्हणून तिला सगळ्या भित्री म्हणतात. त्या भित्रीनं बाकं मागे ढकलली, स्वेटर काढून डोक्याखाली घातला, घड्याळ बघितलं आणि फिट थांबल्यावर भिंगरीला कुशीवर वळवलं. स्वयंपाकी चमचा घेऊन धावत आला, तर त्याच्यावर "नाही!" म्हणून अशी ओरडली की त्याच्या हातातला चमचा पडला. त्या तिघींना भिंगरीनं शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात. मी घातलेल्या गोंधळानंतरही, ठरवलं होतं तसंच.

पडताना बाकाची कड तिच्या कपाळाला लागली. टेंगूळ आलं, फुटलं नाही. हे तिनं आईला सांगितलं आणि वर म्हणाली, बाबाला सांगू नकोस. हिनं फोन ठेवायच्या आत मला सांगितलं.  कारखान्यात गेलो आणि कोणी न सांगितलेली एक फळी संध्याकाळपर्यंत घासत बसलो.

तू आलास तेव्हा ती झोपली होती. जागी झाली तेव्हा तू खुर्चीत होतास. आज वार कोणता, ती कुठे आहे, एवढं सांगितलंस, पाणी दिलंस आणि गप्प बसलास. किती वेळ चालली, का आली, गोळी घेतली होतीस का, काही विचारलं नाहीस. ती आईला म्हणाली, "काका काही बोलत नाही. बरं वाटतं." दादा, ज्या गप्प बसण्यावरून मी तुला नाही नाही ते बोललो, तेच तिला बरं वाटतंय. मला हेवा वाटला.

आणखी एक म्हणाली. तू सबंध वेळ हात खिशात घालून बसला होतास. तिला त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला, पाचर त्याच हातांनी घातली होती. मी तिला सांगितला नाही.

धाकटा


९ ऑक्टोबर

दादा,

तुला बहुतेक सगळं माहीत आहे, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि घरात ही माझ्याहून वाईट अवस्थेत आहे.

त्या भित्र्या मुलीच्या आईनं तक्रार केली. "माझी मुलगी तिथे शिकायला आहे, दवाखाना चालवायला नाही." तिच्या मागे आणखी काही पालक उभे राहिले. बाईंनी रविवारी सगळ्यांना बोलावलंय. भिंगरीला वसतिगृहात ठेवायचं की नाही ते त्या दिवशी ठरेल. नाही असं ठरलं तर तंत्रशाळा सुटली, रोज इथून जाणं-येणं होण्यातलं नाही. ती परत या कड्या नसलेल्या घरात येईल आणि अंघोळ करताना धडे म्हणेल. त्या आईचा मला फार राग येतोय. तिच्या जागी मी असतो तर मीही असाच भांडायला गेलो असतो, हेही कळतंय, त्यामुळे राग धड करताही येत नाही.

हिनं साडी इस्त्री करून ठेवली होती. आठ वर्षांची भाषणं हिला तोंडपाठ, कुठल्या वाक्यावर लोक माना डोलावतात ते हिला ठाऊक. आणि काल भिंगरीचा फोन आला. फोन बाबाला दे म्हणाली. जूननंतर पहिल्यांदा.

"बाबा, रविवारी तुम्ही दोघं येऊ नका. मी बोलणार आहे. तुम्ही समोर असलात की मी तुमच्याकडे बघून बोलेन. मला त्यांच्याकडे बघून बोलायचंय."

मी म्हटलं, आणि ते नाही म्हणाले तर?

"तर येईन घरी. पण बोलून येईन."

मग म्हणाली, घरचं एक माणूस लागतं म्हणून काकाला बोलावलंय. मी विचारलं, पाचरेचं सांगणार का, आई सांगायची तसं? ती म्हणाली, "ते काकाचं आहे. मी त्यालाच विचारलं. तो 'बघतो' म्हणाला."

तुझं "बघतो" मी ओळखून आहे. एका गिऱ्हाइकाला तू पाळण्यासाठी "बघतो" म्हणालास आणि पाळणा तयार झाला तेव्हा पोरगं शाळेत जायला लागलं होतं. तू बोलला नाहीस तरी चालेल, दादा. पण जा. मागे उभा राहा. तिची नजर फिरली तर घरचं एक तोंड दिसू दे.

आणि मला लिही. फोनवर ती "झालं बरं" एवढंच म्हणेल आणि तेवढ्यावर आम्ही दोघं कसे राहणार? ही साडी घडी करून परत कपाटात ठेवतेय आणि परत काढतेय. तिथे काय झालं ते मला सांगणारं तुझ्याशिवाय कोणी नाही.

धाकटा


१३ ऑक्टोबर

धाकट्या,

मला लिहायची सवय नाही. तुझी सगळी पत्रं मिळाली, सगळी वाचली. पहिलं वाचून राग आला होता. म्हणे एकही फिट नाही.

काल सभा झाली. हॉल भरला होता. मला बसवेना म्हणून मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. भिंगरी पुढे आली. हातात कागद होता, तो घडी करून खिशात टाकला. म्हणाली, "मला फिट येतात. आली की मला काहीच कळत नाही, त्यामुळे तेव्हा मला भीती वाटत नाही. भीती बघणाऱ्यांना वाटते. ती कमी कशी करायची तेवढं मी सांगू शकते." मग सांगितलं. डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं सामान दूर, दाबून धरायचं नाही, तोंडात काही नाही, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर डॉक्टर. तिच्या आईपेक्षा लवकर आटपलं.

ती तक्रार करणारी बाई उठली. वाईट नाही ती, घाबरलेली आहे. तिनं विचारलं, "आणि परत झालं तर?"

भिंगरी म्हणाली, "परत होईल, काकू. म्हणून तर सांगतेय."

यावर माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, गेलं हातातून. मी पुढे गेलो. ठरवून गेलो नाही. म्हटलं, "मी हिचा काका. सुतार आहे. हिला पहिल्यांदा फिट आली तेव्हा मी हिच्या दातांत लाकडाची पाचर घातली. दात तुटला. माझा जीव आहे हिच्यावर, तरी घातली, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या मुलींना हिनं सांगितलंय."  कोणीतरी पाणी दिलं.

मागून एक जण म्हणाला, "मी चमचाच घातला असता." दोघं-तिघं हसले, मग माना हलल्या. ती भित्री उठून आईला म्हणाली, "आई, मला काही दवाखाना चालवावा लागत नाही. एकदा ओरडावं लागलं, ते मी घरी रोजच करते." तिची आई खाली बसली. बाई म्हणाल्या, मुलगी इथेच राहील, ज्यांना नीट शिकून घ्यायचंय त्यांनी थांबा. बरेच थांबले. ती आईही थांबली.

तर राहतेय ती.

भिंगरीच्या आईला सांग, पाचरेचं सांगायचं असेल तर खुशाल सांग. काकांनी नको, माझं नाव घालून सांग.

कालच भिंगरीला म्हटलं होतं, तुझ्या बापाला सगळं लिहून कळवतो. ती म्हणाली, "पाठवायच्या आधी मला दाखव." आज घरी येऊन तिनं हे वाचलं. दोन ओळी खोडायला लावल्या. त्यांत काय होतं ते तू मला विचारू नकोस. मी सांगणार नाही.

दादा